हर्शीचा आरव्ही शो पाहून आलो: चाकावरची घरं आणि आपले रस्ते

वडाळा_आगार

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हर्शी गावात दर सप्टेंबरमध्ये आरव्हींचं प्रदर्शन भरतं. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, राहायची-जेवायची-झोपायची सोय असलेली गाडी. 'अमेरिकाज लार्जेस्ट आरव्ही शो' असं त्याचं नावच आहे आणि हजाराहून जास्त गाड्या एका ठिकाणी आत शिरून बघता येतात. माझी लेक न्यू जर्सीला असते. तिथून हर्शी साधारण तीन तासांवर. लेक-जावई ट्रेलर घ्यायच्या विचारात आहेत, म्हणून आम्ही सगळेच गेलो होतो.

माझी सगळी नोकरी मुंबईच्या बेस्ट बससेवेच्या वर्कशॉपमध्ये गेली. त्यामुळे सोफा, टीव्ही, रंगीत दिवे यांच्याआधी नजर गाडीखाली जाते. आतल्या सजावटीचे व्हिडिओ यूट्यूबवर हवे तेवढे आहेत, गाडीखाली काय आहे ते फार कमी जण दाखवतात. म्हणून हा धागा.

आधी जागेबद्दल. हर्शी म्हणजे चॉकलेटवाल्यांचंच गाव, रस्त्यावरचे दिवेसुद्धा त्यांच्या 'किसेस' चॉकलेटच्या आकाराचे आहेत. प्रदर्शन जायंट सेंटर नावाच्या स्टेडियमच्या भोवतालच्या उघड्या पार्किंगमध्ये भरतं. चालणं भरपूर, पण त्याहून जास्त त्रास पायऱ्यांचा. प्रत्येक गाडीत शिरायला तीन-चार उंच पायऱ्या चढायच्या, उतरायच्या, आणि हे दिवसभर. गुडघे दुखत असतील तर आधीच यादी करून मोजक्याच गाड्या बघाव्यात.

प्रकार थोडक्यात सांगतो. 'क्लास ए' म्हणजे बसच्या चॅसिसवरची मोठी गाडी. 'क्लास बी' म्हणजे व्हॅनच्या आत बसवलेलं घर. 'क्लास सी'त ट्रकची केबिन तशीच ठेवून मागे खोली बांधतात आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग असतो. याशिवाय ओढायचे ट्रेलर. त्यातल्या 'फिफ्थ व्हील'चा जोड पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या वर बसतो, त्यामुळे तो साध्या ट्रेलरपेक्षा रस्त्यावर शांत चालतो. 'टॉय हॉलर'ला मागे रॅम्प आणि मोटरसायकली ठेवायला गॅरेज असतं.

आता मुद्दा. प्रत्येक ट्रेलरच्या दाराजवळ एक स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की या गाडीत अमुक पौंडांपेक्षा जास्त सामान भरू नये. दिवसभरात माझ्यासमोर शेकडो माणसं त्या दारातून आत गेली, स्टिकर वाचायला थांबणारे अगदी विरळा. हिशोब असा. समजा ट्रेलरचं भरलेलं कमाल वजन ७,५०० पौंड, म्हणजे ३,४०० किलो. रिकामं वजन ६,२०० पौंड. उरले १,३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी ५० गॅलनची असेल तर ती भरल्यावर १९० किलो तिथेच गेले. उरलेल्या ४०० किलोंत भांडी, धान्य, कपडे, अंथरुणं, सायकली, खुर्च्या, हत्यारं, मागाहून बसवलेल्या बॅटऱ्या. आत दगडासारखा जड ओटा आणि फायरप्लेस दिसली की लोक खूश होतात, पण ते वजन या उरलेल्या किलोंतूनच कापलं गेलेलं असतं.

मग मी खाली वाकलो. विक्रेत्यांना आधी नवल वाटलं, पण कोणी अडवलं नाही. बहुतेक ट्रेलरना लीफ स्प्रिंगचे पाटे आहेत, दोन अ‍ॅक्सल, आणि दोन्हींच्या पाट्यांना जोडणारा मधला इक्वलायझर. या जोडांतले बुश (बोल्टभोवतीच्या छोट्या नळ्या) पुष्कळ गाड्यांत प्लॅस्टिकचे असतात. काही कंपन्या पितळी बुश आणि ग्रीसचं निपल असलेले बोल्ट देतात. किमतीतला फरक गाडीच्या मानाने किरकोळ आणि आयुष्यातला फरक मोठा. ज्यांनी बसचे पाटे उतरवले आहेत त्यांना हे सांगायला नको. ग्रीस जात नाही तिथे लोखंड लोखंडाला खातं.

ब्रेक बघून मात्र मनापासून आवडलं. ट्रेलरच्या ड्रममध्ये इलेक्ट्रोमॅग्नेट असतो आणि पुढच्या गाडीत बसवलेला कंट्रोलर त्याला करंट देतो. शिवाय एक बारीक केबल पुढच्या गाडीला अडकवलेली असते. जोड तुटून ट्रेलर सुटलाच तर केबल ओढली जाऊन स्विचची पिन निघते आणि ट्रेलरवरच्याच बॅटरीवर त्याचे ब्रेक आपोआप लागतात. साधी, स्वस्त आणि माणसं वाचवणारी रचना. मी लेकीला सांगितलं, ती बॅटरी चार्ज आहे का हे प्रत्येक वेळी निघताना बघायचं, नाहीतर ही रचना नुसती शोभेची.

भिंतींचे दोन प्रकार दिसले. एक लाकडी सांगाड्यावर पन्हाळीदार अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दुसरा फायबरग्लासचे थर चिकटवून केलेली सपाट भिंत. दुसरी दिसायला देखणी, पण पाणी आत शिरलं की थर सुटतात आणि भिंत फुगते. तिरक्या उजेडात भिंतीच्या कडेने बघावं, फुगवटा लगेच कळतो. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता, ते बरंच झालं. छताच्या कडा, वायुवीजनाच्या झडपांभोवतीचा सीलंट आणि स्लाइडचे कोपरे ओले असतानाच बघायला मिळाले.

स्लाइड म्हणजे गाडी उभी केल्यावर भिंतीचा भाग बाहेर सरकतो आणि खोली रुंद होते. प्रदर्शनात सगळ्या स्लाइड उघड्या असतात, म्हणून आत शिरल्यावर दिवाणखाना वाटतो. विक्रेत्याला सांगायचं, बंद करून दाखव. स्लाइड बंद असताना शौचालयापर्यंत जाता येतं का, फ्रिजचं दार उघडतं का? रस्त्यात पंधरा मिनिटं थांबून लेकरांना दूध द्यायचं असेल तेव्हा हेच दोन प्रश्न येतात.

किंमत, कर्ज आणि घासाघीस हा जावयाचा प्रांत. त्याला जमलं तर तो लिहील.

बेस्टमध्ये आम्ही गाडी आगारातून सोडायचो तेव्हा ती रात्री कुठे उभी राहणार, कुठे धुतली जाणार, कुठे तिचं पाणी-तेल बघितलं जाणार हे आधी ठरलेलं असायचं. हर्शीला फिरताना माझ्या डोक्यात सतत तेच चाललं होतं. या हजार गाड्या तिथे विकल्या जातात कारण त्यांच्यामागे हजारो मुक्कामाच्या जागा उभ्या आहेत. आपल्याकडे गाडीचं कौतुक आधी होतं, जागेचा विचार कोणी करत नाही. महाराष्ट्रात हे कसं होईल यावर इथल्या जाणकारांनी लिहावं अशी मनापासून इच्छा आहे.

चहाबिस्कीट

काका, फार छान. असं खालून बघून लिहिलेलं मराठीत पहिल्यांदाच वाचलं. फोटो टाका ना.

सई_ओहायो

नमस्कार काका. आमच्याकडे ट्रेलर आहे, मुलं लहान असल्यापासून फिरतोय. तुमचा स्टिकरचा मुद्दा अगदी खरा आहे, पण लेक-जावयांना दुसराही स्टिकर बघायला सांगा, तो त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या दाराच्या चौकटीवर असतो.

विक्रेता सांगतो, तुमची एसयूव्ही इतके हजार पौंड ओढते. ओढते हे खरं. पण ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा भार तुमच्या गाडीच्या मागच्या चाकांवर बसतो. तो ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. त्याहून कमी असेल तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि ते एकदा अनुभवलेला माणूस आयुष्यात विसरत नाही. आता ६,००० पौंडांचा भरलेला ट्रेलर घ्या. १२ टक्के म्हणजे ७२० पौंड तुमच्या गाडीवर. गाडीच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून १,४०० पौंडांची मर्यादा असेल तर उरले ६८०. जोडायच्या हिचचं वजन ८० धरा, राहिले ६००. चार माणसांचे ५५० गेले. सामानाला उरले ५० पौंड. म्हणजे ओढायची ताकद शिल्लक असते आणि वाहायची संपलेली असते.

प्रदर्शनात ट्रेलर बुक करू नये असं मी म्हणणार नाही, तिथे भाव बरा मिळतो. पण ताबा घेण्याआधी स्वतंत्र तपासनीस लावा. ते पैसे घेऊन छतापासून खालपर्यंत सगळं बघतात, पाणी भरून गळती तपासतात. या गाड्यांचं सगळ्यांत मोठं उत्पादन इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात होतं. कारखान्यात काम झपाट्याने चालतं, त्यामुळे नवी कोरी गाडीसुद्धा ढिल्या स्क्रूंसकट येऊ शकते.

आणि एक. रात्री मुक्कामी पोचलात की विजेचा खांब बघा. ३० अँपिअरच्या जोडणीत ३,६०० वॅट मिळतात, ५० अँपिअरच्या जोडणीत १२,०००, कारण त्यात १२० व्होल्टच्या दोन लाइन असतात. दोन एसींची गाडी घेतलीत आणि मुक्कामाला ३० चाच खांब मिळाला तर एक एसी बंद ठेवावा लागतो. मायक्रोवेव्ह लावला की दुसराही.

दादरची_मीनल

मला स्वयंपाकाचं विचारायचं आहे. आमच्या मुलाकडे गेलो की तोही म्हणतो आरव्ही घेऊन फिरू. पण तीन फुटांच्या ओट्यावर पोळ्या, फोडणी हे सगळं होतं का? धुराचा अलार्म सारखा वाजत नाही का?

सई_ओहायो

मीनलताई, वाजतो. मिरचीची फोडणी घातली की हमखास. आम्ही बाहेर तंबूछत्रीखाली छोटी शेगडी लावतो. हल्ली बऱ्याच ट्रेलरना बाहेरच्या बाजूलाच ओटा येतो, काकांनी तिथे बघितला असेल. पोळ्या मी आतच करते, छतावरचा पंखा उलटा लावून.

अलार्म मात्र काढू नका कोणीही. आत तीन वेगवेगळे असतात. धुराचा वर असतो. प्रोपेनचा जमिनीलगत असतो, कारण तो गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो. तिसरा कार्बन मोनॉक्साइडचा, त्याला वास नसतो म्हणून तो सगळ्यांत महत्त्वाचा. पलंगाजवळच्या एका खिडकीला लाल कड्या असतात, ती आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट. पाहुणे आले की मी आधी ती खिडकी दाखवते आणि मग चहा टाकते.

वडाळा_आगार

सई, तुमचा ५० पौंडांचा हिशोब जावयाला वाचून दाखवला. त्याने लगेच खाली जाऊन स्वतःच्या गाडीचा स्टिकर बघितला. आता ते हलका ट्रेलर शोधताहेत. मनापासून आभार.

मीनलताई, बाहेरचा ओटा पुष्कळ गाड्यांना होता. फ्रिजबद्दल एक सांगतो. जुन्या पद्धतीचा फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. उष्णता देऊन थंडावा मिळवायची ही रचना स्वीडनमध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली शोधली आणि शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. त्यात एकही फिरता भाग नाही. पण गाडी समपातळीत उभी नसेल तर तो नीट चालत नाही. आता १२ व्होल्टचे कॉम्प्रेसरवाले फ्रिज येऊ लागले आहेत, त्यांना उताराचं भय कमी, मात्र बॅटरी दणकट लागते. घाटातल्या मुक्कामाला मी दुसराच घेईन.

स्टुटगार्टकर

इकडची बाजू मांडतो. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ऑगस्टअखेरीस 'कॅराव्हॅन सालोन' हे अशाच चाकावरच्या घरांचं (इकडे त्यांना कॅराव्हॅन म्हणतात) प्रदर्शन भरतं. ते बंदिस्त दालनांमध्ये असतं आणि अडीच लाखांच्या आसपास लोक येतात. येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आपापली घरं घेऊनच येतात आणि तिथल्या मोठ्या पार्किंगमध्ये मुक्काम करतात. मला प्रदर्शनाइतकंच ते पार्किंग बघायला आवडतं. दालनांत नवी गाडी कशी दिसते ते कळतं, पार्किंगमध्ये दहा वर्षं वापरलेली कशी दिसते ते.

इकडच्या साध्या ड्रायव्हिंग लायसन्सवर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते. त्यामुळे सगळी रचना त्या आकड्याभोवती फिरते. कपाटाच्या फळ्यासुद्धा हलक्या प्लायच्या. शौचालयाला कॅसेट असते, साधारण १८-२० लिटरची, बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची आणि चाकं लावलेल्या बॅगेसारखी नेऊन रिकामी करायची. अमेरिकेसारखा गाडीखालची मैल्याची टाकी रिकामी करायला जाड पाइप लावायची गरज नाही. भारताला ही पद्धत जास्त सोयीची पडेल असं मला वाटतं, कारण साध्या शौचालयातही ती रिकामी करता येते.

काकांचा मुक्कामाच्या जागेचा मुद्दा इथे अगदी स्पष्ट दिसतो. जर्मनीत गावोगावी 'श्टेलप्लाट्झ' असतात. नगरपालिकेने गावाबाहेर सपाट जागा आखून दिलेली, एक नळ, विजेचा खांब, सांडपाणी ओतायची जाळी. नाणं टाका, पाणी घ्या. रिसेप्शन नाही, बाग नाही. गावाला फायदा असा की लोक संध्याकाळी चालत बाजारात येतात, बेकरीतून पाव घेतात, जेवतात. छोट्या गावांनी हे स्वतःच्या फायद्यासाठी केलं आहे.

अवांतर: जर्मनीतलं पहिलं कॅराव्हॅन १९३१ साली ईस्नी गावच्या आरिस्ट डेथलेफ्स यांनी बांधलं. घरचा धंदा चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवायचा. धंद्यासाठी सारखं फिरावं लागे आणि चित्रकार असलेल्या आपल्या जोडीदाराला, फ्रीडेलला, सोबत नेता यावं म्हणून त्यांनी ते तयार केलं. आत तिला चित्रं काढता येतील अशी जागा होती.

गोरेगाव_व्हॅनिटी

हा धागा वाचून राहवलं नाही. मुंबईत आरव्ही नाहीत असं सगळे धरून चालले आहेत. फिल्मसिटीच्या रस्त्याला पहाटे येऊन बघा, रांगेने उभ्या असतात. व्हॅनिटी व्हॅन म्हणजे दुसरं काय? बसच्या चॅसिसवर बांधलेल्या खोल्या, सिंगल डोअर, डबल डोअर, ट्रिपल डोअर. एसी, शौचालय, पाण्याची टाकी, आरसा, पलंग, सगळं. या शहरातले सुतार, फायबरवाले, वायरमन हे काम वर्षानुवर्षं करताहेत. मी त्याच धंद्यात आहे.

म्हणून अनुभवाने दोन गोष्टी सांगतो. आमची गाडी दिवसभर एका जागी उभी असते आणि रात्री परत येते. तरीही आमचं अर्धं लक्ष पाणी आणि मैला यांवरच असतं. वर पाणी भरायचं कुठून आणि खालची टाकी उपसायची कुठे. शहरात सक्शनची गाडी बोलावता येते, त्यांचा नंबर प्रत्येक ड्रायव्हरकडे असतो. पण शूटिंग वाई, भोर, कर्जतकडे लागलं की प्रॉडक्शनवाल्यांना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. हॉटेलवाल्याशी आधी बोलून ठेवावं लागतं. शेतात किंवा ओढ्यात सोडणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे पुढच्या वेळी गावकरी कोणालाच उभं करत नाहीत. ते बरोबरच करतात.

दुसरं, आवाज. जनरेटरवर एसी चालवून रात्री गावात झोपायचं म्हटलं तर शेजारच्या चार घरांची झोप जाते. मुक्कामाला विजेचा खांब मिळाला तरच कॅराव्हॅनला अर्थ आहे.

कारागिरी इथे आहे, काका. हर्शीत बघितलेली ती स्लाइड आमच्याकडचा माणूस बनवून देईल. जागा तेवढ्या मिळवून द्या.

गिरगावचा_वकील

कायद्याचं थोडं. हौशी मंडळी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन गॅरेजमध्ये पलंग-ओटा बसवून घेतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. वाटेत गाडी अडवली जाणं ही लहान अडचण. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, ही मोठी.

सरळ मार्ग उपलब्ध आहे. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या (वाहनांची चाचणी करणाऱ्या) संस्था चाचणी करून प्रमाणपत्र देतात. म्हणून बांधून घेताना बॉडीवाल्याला पहिला प्रश्न विचारा, प्रमाणपत्र आहे का? केंद्राच्या वर्गवारीत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन ही बिगर-परिवहन वाहनांत मोडते. भाड्याने द्यायची असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग परमिट आलं. लायसन्सचं म्हणाल तर एकूण भरलेलं वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तोवर हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं.

राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, सवलतीही आहेत. केरळनेही त्याच वर्षी धोरण आणलं आणि पुढच्या वर्षी वागमोनला पार्क सुरू झालं. कागद आहे, तो हातात घेऊन कोणीतरी तालुक्याला जायला हवं.

भटकी_जोडी_मुलुंड

आम्ही मागच्या डिसेंबरात मुंबईतून कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात गेलो होतो. अनुभव सांगते.

गाडी फोर्स ट्रॅव्हलरची, मागे पलंग, छोटा ओटा, पोर्टेबल टॉयलेट. रस्त्याची भीती होती ती निघाली नाही. मोठ्या गाडीचा त्रास मुंबईतच जास्त. आमच्या सोसायटीच्या कमानीतून ती आत आली नाही, सामान गेटवर आणून भरलं. एका सबवेच्या उंचीच्या कमानीपाशी नवऱ्याने उतरून बघितलं आणि आम्ही दुसऱ्या रस्त्याने गेलो. गाडीची उंची डॅशबोर्डवर लिहून ठेवा, हे प्रत्येकाला सांगेन.

गणपतीपुळ्याच्या अलीकडे एका घरगुती खानावळीच्या अंगणात उभे राहिलो. काकूंनी विहिरीचं पाणी दिलं, पडवीतल्या प्लगमधून वायर दिली, रात्री जेवायला घावन आणि सोलकढी. सकाळी टॉयलेट त्यांच्याच संडासात रिकामं करू का विचारलं, तर त्यांनी आधी चौकशी केली की त्यात औषध कोणतं घातलंय. त्यांच्या सेप्टिक टँकचा त्यांना घोर होता. आम्ही औषध घातलंच नव्हतं, तेव्हा हो म्हणाल्या. पैसे घ्यायला तयार नव्हत्या, बळेच दिले.

तेव्हापासून वाटतं की कोकणात मोठ्या पार्कची वाट बघायची गरज नाही. ज्या घरांत आधीच पाहुणे उतरतात त्यांच्याकडे अंगण आहे, पाणी आहे, वीज आहे. फक्त सांडपाण्याची नीट सोय आणि वेगळा प्लग. वर स्टुटगार्टकरांनी जर्मनीचं जे सांगितलं, ते या घरांच्या अंगणात उद्या होऊ शकतं.

स्टुटगार्टकर

त्या काकूंचा प्रश्न अगदी योग्य होता. बाजारातल्या काही टॉयलेट द्रवांत फॉर्मल्डिहाइड असतं, ते दुर्गंधी घालवतं कारण ते जंतूच मारतं. पण सेप्टिक टँक त्याच जंतूंवर चालतो. इकडे हिरव्या बाटलीतला, सेप्टिकला चालणारा द्रव वेगळा मिळतो. भारतात कोणी गाडी भाड्याने देणार असेल तर त्याने फक्त तोच द्यावा आणि यजमानाला बाटली दाखवावी.

गोरेगाव_व्हॅनिटी

मुलुंडच्या ताई, पटलं. खर्चाचं म्हणाल तर अंगणात एक झाकणाचं तोंड आणि तिथून सेप्टिक टँकपर्यंत चार इंची पाइप, एवढ्यावर काम होतं. गवंडी एका दिवसात करतो. विजेसाठी १५ अँपिअरचा सॉकेट, वर पत्र्याची टोपी आणि आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. पावसात ओल्या अंगणात वायर पसरते तेव्हा आरसीसीबी नसेल तर माणूस जातो. यात काटकसर नको.

दादरची_मीनल

माझी मावसबहीण गुहागरला आहे, तिच्याकडे दोन खोल्या पर्यटकांना देतात. तिला हा धागा पाठवलाय. ती विचारते की गाडीवाले अंगणात उभे राहिले तर खोलीचं भाडं बुडेल ना?

भटकी_जोडी_मुलुंड

मीनलताई, मोसमात खोल्या भरलेल्याच असतात, तेव्हा अंगणातली गाडी ही वरची मिळकत. आणि आम्ही जेवलो, न्याहारी केली, कोकम-आगळ घेतलं. तिला सांगा, सुरुवातीला एकाच गाडीची जागा ठेव. गेटची रुंदी आणि वरच्या फांद्यांची उंची मोजून फोनवर सांगता आली पाहिजे, आमच्यासारखे लोक तेच विचारतात.

वडाळा_आगार

वाचून फार बरं वाटलं. एवढी माहिती एका जागी येईल असं वाटलं नव्हतं. गोरेगावचे दादा, परत आलो की तुमच्या यार्डात यायचं आहे, तुमचे सुतार काम कसं करतात ते बघायचं आहे. वकीलसाहेब, ते धोरण घेऊन कोणीतरी तालुक्याला जायला हवं म्हणालात, तर मी येतो. निवृत्त माणसाकडे वेळ आहे.

मुलुंडच्या मंडळींना एक विचारतो. भाड्याची गाडी ताब्यात घेताना काय बघितलंत? कारण पुढच्या वेळी इथले आणखी चार जण घेतील.

भटकी_जोडी_मुलुंड

खरं सांगायचं तर त्यांनी आतलं दाखवलं, पंखा-दिवे लावून दाखवले, आणि आम्ही चावी घेतली. पाण्याची टाकी वाटेत गळायला लागली तेव्हा कळलं की जोड सैल आहे. काका, तुम्हीच सांगा काय बघायचं ते.

वडाळा_आगार

टाकी पूर्ण भरून मागा आणि पंप चालू करून सगळे नळ बंद ठेवा. गळती नसेल तर पंप थोड्या वेळात गप्प बसतो. अधूनमधून आपोआप सुरू होत राहिला तर कुठेतरी पाणी जातंय. मग ओट्याखालच्या कपाटात आणि पलंगाखालच्या खणात आतल्या कोपऱ्यांना हात फिरवा. ओल हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही.

गॅसची टाकी कुठे ठेवली आहे ते बघा. ती ज्या कप्प्यात असेल त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं, सईने सांगितलं तेच कारण, गॅस खाली साचतो. नळीवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गाडी घेऊ नका. अग्निशामक कुठे आहे, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का?

मग खाली वाका. मागच्या चाकांमागे पाटे बघा, एखादं पान सरकलंय किंवा तडकलंय का. गाडी सपाट जागेवर उभी असताना मागून बघा, एका बाजूला कललेली असेल तर त्या बाजूला टाकी किंवा बॅटरीचं वजन जास्त आहे आणि घाटातल्या वळणावर ते जाणवणार. पाणी भरलेल्या गाडीला उतारावर थांबायला जास्त अंतर लागतं, म्हणून कशेडी किंवा आंबा घाटात उतरताना खालच्या गिअरमध्येच राहायचं, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

शेवटी टायर. बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. अशा गाड्या चालतात कमी आणि उन्हात उभ्या जास्त राहतात, त्यामुळे नक्षी शिल्लक असते पण रबर वाळलेलं असतं. कडेला बारीक भेगा दिसल्या तर बदलून मागा. स्टेपनीचेही आकडे वाचा, बदलायची राहून जाते ती नेमकी तीच.